किंकाळीचा घरचा आवाज

मरणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. परक्या भाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेत आवाज देणाऱ्या एका स्टुडिओत ती कामाला जाई. पडद्यावर कुणी बाई गळा आवळून मेली, जिन्यावरून ढकलली गेली, नाहीतर कपाट उघडून नुसतीच दचकली, की तो आवाज हिचा. गोड बोलायला गोड गळ्याच्या मुली होत्या. त्यांची शेवटची ओळ झाली, की दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणे, "चला, किंकाळीला उठवा." तेच नाव तिला चिकटलं. खरं नाव होतं, पण ते नवऱ्यालासुद्धा आठवून सांगावं लागे.

दिसायला म्हणाल तर बसच्या रांगेत कुणी वळून बघणार नाही अशी. ठेंगणी, केस मागे घट्ट बांधलेले, पिशवीत गरम पाण्याचा थर्मास. स्टुडिओतल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत, राखाडी स्पंज लावलेल्या भिंतींमध्ये, एक नियम सगळे पाळत: किंकाळ्या सगळ्यात शेवटी घ्यायच्या, आणि त्यानंतर तोंड मिटायचं. जीव खाऊन किंचाळलं की गळा त्या दिवसापुरता कामातून गेला, पुन्हा वापरला तर कायमचा जाईल. म्हणून ती दिवसभर कोपऱ्यातल्या बाकावर लोकर विणत बसे. संध्याकाळी सुया खाली ठेवी, उभी राही, दोन-तीनदा मरे, आणि वाटेत पाव घेऊन घरी जाई.

घरी नवरा होता. चष्म्यांचं दुकान चालवणारा, आणि भांडणाची चाहूल लागली की काच पुसायला घेणारा. आणि बारकी होती. एकुलती एक, नुकतीच शाळेत जायला लागलेली, अखंड बडबडी. किंकाळीचा सगळा जीव त्या पोरीत होता. परक्यांच्या तोंडात आवाज घालून घालून थकलेली ती बाई स्वतःच्या तोंडाने बोलायची ती फक्त बारकीशी.

मग तो सिनेमा आला. त्यात एक मेलेली आई होती. तिचं तोंड कधी दिसत नाही. संध्याकाळ झाली की रिकाम्या स्वयंपाकघरातून ती पोरांना जेवायला हाक मारते, आणि जे पोर त्या टेबलाशी जाऊन बसतं ते पुन्हा कुणाला सापडत नाही. किंकाळीने आधी आपल्या नेहमीच्या पद्धतीने घोगरा, खरवडलेला आवाज काढून दाखवला. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"बाई, घाबरवू नका हो. घाबरवणाऱ्या मला पैशाला पासरी मिळतात. तुम्ही घरी लेकीला कशी हाक मारता? तश्शी मारा."

किंकाळी लाजली. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिला कुणी घरच्यासारखं बोला असं म्हटलं नव्हतं. तिने डोळे मिटले, आपला ओटा आठवला, दारातून येणारी बारकी आठवली आणि म्हणाली, "आलीस का गं? हात धुतलेस? ये, बस. गरम आहे तोवर खाऊन घे." काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने कॉलर वर करून मान झाकून घेतली. एका दमात काम झालं.

दुकानदाराने दुकानातला माल विकावा, घरातलं अंथरूण विकू नये. एवढी साधी अक्कल चष्मेवाल्याच्या बायकोला असायला हवी होती. पण कौतुक माणसाला आंधळं करतं, आणि तिच्या वाट्याला ते कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी ती घरी येताना पावाबरोबर केकही घेऊन आली.

सिनेमा तुफान चालला. मोठी माणसं घाबरून आनंदाने घरी गेली, आणि लहान पोरांची पाचावर धारण बसली. अख्ख्या वस्तीतल्या पोरांनी हात धुणं सोडलं. "हात धुतलेस का" एवढं म्हणायची खोटी, की पोर पलंगाखाली. आया कावल्या. त्यांतल्या एकीला कळलं की ती आवाजवाली बाई तर आपल्याच इमारतीत राहते. ती आपल्या रडक्या मुलाला बखोटीला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "तुमचं भूत तुम्हीच उतरवा."

आणि किंकाळीने ते उतरवलं. तिच्यापाशी त्याची एक रीत आपोआप तयार झाली. पोराला ओट्यावर बसवायचं. बिस्कीट द्यायचं. स्वतःच्या तोंडात बिस्किटाचा बोकाणा भरून तीच ओळ म्हणायची, म्हणजे भुताच्या तोंडून चुरा उडतो आणि पोर फिदीफिदी हसतं. मग पोराचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा: "बघ, इथे गुरगुरतंय ना? हे भूत एवढंच आहे. आता तू काढ." पोर काढायचं. आधी भीत, मग जोरात, मग थांबतच नसे. अर्ध्या तासात भुताची काकू व्हायची आणि पोर दोन बिस्किटं खिशात घालून घरी जायचं. एकापाठोपाठ एक आया आल्या. शाळेतल्या बाईंनी तिला मोठ्या मुलांच्या वर्गात बोलावलं. "मुलांची भीती घालवणाऱ्या" अशी ओळख करून दिली तेव्हा किंकाळीचे डोळेच भरून आले. वस्तीतलं प्रत्येक पोर तिच्याकडून तो आवाज हुबेहूब शिकून गेलं होतं. हे पुढे महागात पडणार होतं, पण तेव्हा तिला ते गोड वाटलं.

बारकीला मात्र तिने त्या सिनेमाच्या वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं. ओट्यावरच्या या शिकवण्या सुट्टीच्या दिवशी, बारकी बाबांच्या दुकानात गेलेली असतानाच चालत.

आता नणंदेबद्दल सांगायला हवं. चष्मेवाल्याची थोरली बहीण, बटणं, धागे आणि अस्तर विकणारी. मूल नव्हतं, पण मूल कसं वाढवावं यावर मत होतं. शाळा सुटल्यावर बारकी आई येईपर्यंत तिच्या दुकानामागच्या खोलीत बसे. एका दुपारी बारकी फुशारकी मारत म्हणाली, "आत्या, माझी आई सगळ्यांची भीती पळवते. आमच्या बाई म्हणाल्या."

"हो का? पळवते का सोडते? थांब, तुला आईचा पराक्रम दाखवते," आत्या म्हणाली. तिने टीव्हीवर तो सिनेमा लावला आणि स्वतः गिऱ्हाइकाला बटणं दाखवायला निघून गेली. मनात काय होतं कोण जाणे. थोडा मत्सर, थोडी गंमत. दुष्टपणा असा ठरवून होत नाही, तो गिऱ्हाईक बघता बघता होऊन जातो. सिनेमा संपल्यावर बारकी बाहेर आली ती ओठ मिटून. आत्याने तिला लिमलेटची गोळी दिली आणि घरी सोडलं.

किंकाळीला त्या दिवशी लवकर सुट्टी मिळाली होती. ती ओट्याशी उभी होती, पातेल्यात सूप उकळत होतं. दार वाजलं, पावलं वाजली. तिने मागे न वळता, तोंडभर हसत विचारलं, "आलीस का गं? हात धुतलेस? ये, बस."

मग थेंब थेंब आवाज. तिला वाटलं, पोरीची पाण्याची बाटली गळतेय. वळून बघते तर बारकी चपलांच्या कपाटाला पाठ चिकटवून ताठ उभी, पायाखाली ओलं. किंकाळी धावली आणि तिने तिला उचलून छातीशी धरलं. आणि बारकी किंचाळली. आईच्या मिठीत, आईच्या कानाशी. त्या क्षणीसुद्धा किंकाळीच्या धंदेवाईक कानाने, तिची स्वतःची इच्छा नसताना, ताडलं, की इतकी खरी किंकाळी आपल्याला आयुष्यात जमली नाही. या विचाराबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

काय घडलं ते कळल्यावर ती नणंदेशी भांडायलाही गेली नाही. तिला वाटलं, यात काय मोठंसं? गावाची भुतं उतरवली, घरचं उतरवायला कितीसा वेळ. तिने बारकीला ओट्यावर बसवलं. बिस्कीट दिलं. तोंडात बोकाणा भरला.

"ते भूत म्हणजे मीच होते गं, वेडाबाई! बघ. आलीस का गं? हात धुतलेस?" चुरा उडाला. बारकी हसली नाही. किंकाळीने तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "लागलं ना हाताला? सगळं खोटं असतं. मी तो आवाज काढते."

बारकीने हात झटकन मागे घेतला आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. मग विचारलं, "मग घरी तू कुणाचा आवाज काढतेस?"

किंकाळीच्या तोंडातलं बिस्कीट तसंच राहिलं. इतर पोरांना आधी भूत भेटलं होतं, मग काकू. म्हणून भूत लहान होत होत काकूएवढं झालं. बारकीला आधी आई भेटली होती. हा हिशेब पहिलीतल्या पोरीला कळला आणि वस्तीभर शहाणपण वाटत हिंडलेल्या तिच्या आईला कळला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते उगीच नाही.

त्यानंतर त्या घरात आईचा आवाज चालेना. तिने "बारके" म्हटलं की पोर कानांवर हात ठेवी. ताप आला तरी औषध बाबांच्या हातून. आणि जिन्यात इमारतीतली पोरं टपलेली. बारकी शाळेतून आली की वरच्या मजल्यावरून एक, खालच्या मजल्यावरून दुसरं, "हात धुतलेस का गं? ये, बस." हुबेहूब. शिकवणारीने मन लावून शिकवलं होतं ना! किंकाळी लाटणं घेऊन जिन्यात धावली, तर एक टिकोजी म्हणाला, "काकू, तुम्हीच तर म्हणालात, मोठ्याने म्हणायचं." तिने लाटणं खाली केलं आणि ती घरात आली.

शेवटी उपाय सापडला तो असा. फार पूर्वी कुणीतरी आजारी पडलं म्हणून किंकाळीने एका कार्टूनमधल्या खारीला आवाज दिला होता. चिरका, नाकातला, टाळूला चिकटलेला. एकदा वैतागून ती त्या आवाजात म्हणाली, "खारुताईला भूक लागली!" आणि बारकीने कानांवरचे हात काढले. झालं. त्या दिवसापासून त्या घरात आई नव्हती, खार होती. खार दूध देई, खार वेणी घाली, खार अभ्यास घेई. पहिले काही दिवस नवऱ्यालाही मजा वाटली. नंतर तो म्हणू लागला, "अगं, निदान माझ्याशी तरी माणसासारखं बोल." पण बारकी शेजारच्या खोलीतून ऐके आणि ओरडे, "आई! आवाज!"

पोरं निष्ठुर असतात, आणि त्यांना सत्ता मिळाली की बघायलाच नको. बारकीला आपलं हुकमी हत्यार कळलं होतं. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात, चारचौघांत किंकाळी जरा विसरून नीट बोलली, की "आवाज!" मग ही चाळिशीची बाई भरल्या बसमध्ये नाकातून चिरकत म्हणे, "पुढच्या थांब्यावर उतरायचं हं." लोक हसत. तिला चालत होतं. पोर हात धरून उतरत होती, तेवढं तिला पुरत होतं.

नणंदेला मात्र चालेना. ती येऊन म्हणाली, "अगं, घर आहे का सर्कस? पोर बिघडली. माझ्याकडे राहू दे थोडे दिवस."

"वन्सं, हे सगळं कुणामुळे झालं?" किंकाळी म्हणाली. खारीच्याच आवाजात, कारण बारकी दारात होती. खारीच्या आवाजात भांडता येत नाही. नणंदेला हसूच फुटलं.

"बघ, काय आवाज हा! मी ओरडते, शिव्या घालते, सगळं खरं. पण माझ्या आवाजात मीच ओरडते," ती म्हणाली. "काय गं बारके, येतेस?"

बारकीने मान हलवली. येते म्हणून. किंकाळीने नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा काढून पुसत होता. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," तो काचेला म्हणाला.

मग रोज संध्याकाळी, स्टुडिओत मरून झाल्यावर, किंकाळी बटणांच्या दुकानात जाई आणि काउंटरमागे बसलेल्या लेकीशी खारीच्या आवाजात बोले. शाळेत काय झालं, डबा खाल्ला का, दात हलतोय तो पडला का. किंकाळ्यांनंतर तोंड मिटायचं हा नियम तिने इतकी वर्षं पाळला होता, पण लेक दिसायची ती तेवढाच वेळ. गळा कुरकुरू लागला, मग दुखू लागला, आणि एके दिवशी काउंटरपाशी तिने तोंड उघडलं तर आतून हवाच आली. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "कशाने ताणलात एवढा?" तिने बोट फिरवून काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला. खार खुणेने कशी सांगणार? डॉक्टर म्हणाले, "गाठी आल्यात. शस्त्रक्रिया करू. मग पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नको."

आई मुकी झाली हे ऐकून बारकी तिला बघायला आली. दारात उभी राहून तिने खात्री करून घेतली. आईने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पलंगाच्या कडेवर बसली. तिसऱ्या खेपेला ती दप्तर घेऊनच आली आणि परत गेली नाही.

ते मौनाचे महिने किंकाळीच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, आणि ही गोष्ट कुणालाही सांगायची सोय नव्हती. बारकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून दिवसभराचं सगळं सांगे. खुणा शिकली, शिकवल्या. दूध हवं तर असं, चिडलीस तर तसं. आईचे केस विंचरी. टेबलाशी बसून पोटभर जेवी. किंकाळी ऐकत राही आणि गळा बरा होण्याची वाट बघे. एकदा बोलता आलं की या पोरीशी काय काय बोलायचं, ते मनात साठवत राही. आता भीती गेली, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

डॉक्टरांनी एक दिवस तपासून सांगितलं, "छान. आता बोला. हळूहळू." वाटेत ती रिकाम्या बागेत थांबली आणि एकदा बोलून बघितलं. आवाज किंचित जाड झाला होता. तिला बरंच वाटलं, निराळा झालाय म्हणून. घरी बारकी टेबलाशी चित्र रंगवत होती, नवरा पेपर वाचत होता. किंकाळी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली, आणि त्या सिनेमात नसलेला एकच शब्द निवडून, अगदी हलकेच म्हणाली, "बारके."

रंगाची कांडी थांबली. बारकी किंचाळली नाही, रडली नाही. खुर्चीवरून उतरली, आत गेली, आणि दप्तरात फ्रॉक आणि दात घासायचा ब्रश कोंबून बाहेर आली. "बाबा, मला आत्याकडे सोडा."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. त्याने बायकोकडे बघितलं, आणि न रागावता, हात जोडल्यासारखं विचारलं, "तुला बोलायलाच हवं का?"

किंकाळीने दोघांकडे पाहिलं. मनात साठवलेलं सगळं तिथल्या तिथे गिळलं आणि नाही म्हणून मान हलवली. बारकीने दप्तर खाली ठेवलं. आईजवळ येऊन तिच्या तोंडावर आपला छोटा तळवा ठेवला आणि समजूत घातली, "तू गप्प असलीस ना, की तू आईच असतेस."

सिनेमाचा दुसरा भाग निघाला तेव्हा दिग्दर्शकाने तिलाच बोलावलं. ती गेली. त्या स्पंजच्या खोलीत ती मेलेल्या आईच्या ओळी बोलली, आणि थांबायला सांगेपर्यंत बोलत राहिली. दिग्दर्शक म्हणाला, पहिल्यापेक्षा फार सरस. घरी परतताना ती दाराशी नेहमीसारखी क्षणभर थांबली, घसा खाकरला, आणि तोंड मिटून आत शिरली.

त्याला वर्षं झाली. बारकी उंच झाली, धीट झाली, वर्गात पहिली येऊ लागली. भीती म्हणाल तर तिला कशाचीच राहिली नाही. एका दुपारी ती नव्या शाळेतली मैत्रीण घेऊन आली. मैत्रिणीने नमस्कार केला, नाव सांगितलं, काही विचारलं. किंकाळी हसली, मान डोलावली आणि दूध गरम करायला वळली.

"तुझी आई बोलत का नाही गं?" मैत्रिणीने हळूच विचारलं.

"मुकी आहे," बारकी दप्तर काढता काढता म्हणाली. "जन्मापासून."

मैत्रीण कनवाळू होती. किंकाळीने दुधाचा पेला पुढे ठेवला तेव्हा ती तिच्याकडे वर बघून, ओठ मोठे मोठे करून, हातवारे करत म्हणाली, "काकू, दूध खूप छान आहे." किंकाळीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसरा पेला लेकीपुढे ठेवला.